'आबा लाव रे!'

ठाणे, रविवार

प्रिय मिल्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुला पाच मिनिटांच्या वर धीर निघत नाही, म्हणून लिहितोय. लंडनला लेकीकडे महिनाभर होतो आणि अखेर जाऊन आलो. कुठे, ते तू ओळखलंच असशील.

तू दारातूनच ओरडायचास, 'आबा लाव रे!' आणि आतून आमचे आजोबा, 'काय रे, कोण हाक मारतंय?' त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की स्वीडनमध्येही एक आबा (ABBA) आहेत, पॉप गाणाऱ्यांचा गट, तेही चौघे मिळून. अग्नेथा, ब्यॉर्न, बेनी, अ‍ॅनी-फ्रिड. नावांची आद्याक्षरं जोडली की झालं!

पूर्व लंडनमध्ये ऑलिम्पिक पार्कात त्यांच्या 'अ‍ॅबा व्हॉयेज' या खेळासाठीच बांधलेलं सभागृह आहे, 3000 माणसांचं. मे 2022 पासून तिथे हे चालू आहे. रंगमंचावरचे चौघे खरे नाहीत, हे तुला माहीत असेलच. स्टॉकहोममध्ये पाच आठवडे अंगाला चिकटणारे सूट घालून, 160 कॅमेऱ्यांपुढे ते गायले-नाचले, आणि त्यावरून संगणकाने त्यांना पुन्हा 1979 सालचे केले. वाद्यवृंद मात्र खराखुरा, दहा जणांचा. खरं सांगू, जाताना वाटत होतं, हार घातलेल्या तसबिरीपुढे टाळ्या वाजवायला चाललोय. पहिल्या दोन गाण्यांत ते विसरलो. माझ्या शेजारी सत्तरीची एक बाई आणि तिची नात, दोघी चमचमते कपडे घालून. एकही ओळ चुकत नव्हती, नातीचीसुद्धा.

1974 साली ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकले, 1982 च्या अखेरीस थांबले. जेमतेम नऊ वर्षं. मग 1992 ला त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह 'गोल्ड' निघाला, 1999 ला लंडनमध्ये त्यांच्याच गाण्यांवरचं संगीत नाटक 'मामा मिया!' रंगभूमीवर आलं, आणि ही मंडळी काहीही न करता पुन्हा तरुण झाली. तुझा दादा त्यांना 'लिमलेटची गोळी' म्हणायचा. पण लिमलेटची गोळी पन्नास वर्षं पुरते का रे?

मला विचारशील तर गोडव्याच्या तळाशी जो हुंदका आहे ना, त्याच्यावर ते टिकलेत. 'डान्सिंग क्वीन'च घे. पियानोवरून बोटं सर्रकन घसरतात आणि कडवंबिडवं काही नाही, गाणं एकदम ध्रुवपदाच्या मध्यातूनच सुरू होतं. जणू आपण उशिरा पोचलोय आणि नाच कधीचा रंगलाय. त्याची नुसती वाद्यांची टेप बेनीने घरी आणून ऐकवली, तर शब्द पडायच्या आधीच फ्रिडाला रडू कोसळलं होतं. आणि फ्रिडा आणि अग्नेथा, त्या दोघींचा आवाज! त्यांचा ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो टेपचा वेग केसभर बदलून त्यांना तेच पुन्हा गायला लावायचा. किंचित बेसूर असे थर एकावर एक बसले की तो लखलखाट तयार व्हायचा. आपल्याला तेव्हा वाटायचं, यांच्याकडे काहीतरी महागडं यंत्र असणार.

'द विनर टेक्स इट ऑल'ला मात्र सभागृह चिडीचूप झालं. नवऱ्याने घटस्फोटानंतर हरलेल्या बाईचं गाणं लिहायचं आणि ते त्याच बायकोने गायचं! ब्यॉर्न म्हणतो, ती आमची गोष्ट नव्हे. असेल बाबा. मी मान खाली घालून चष्मा पुसत बसलो.

तुझ्यासाठी एक गंमत. 'मामा मिया' हे गाणं सुरू झालं आणि मी नकळत 'मिल गया हमको साथी' गुणगुणायला लागलो. पंचमने ती चाल 1977 लाच आपल्या कानांवर घातली होती. आपण उगाच आबांना म्हणायचो, 'अरे, हे तर आपलंच!' लेक कोपराने ढोसत होती.

आणि हो, 'डान्सिंग क्वीन'मध्ये तो गचका आलाच नाही. आमच्या टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली होती, आपण पेन्सिलीने ती परत गुंडाळली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कडव्यात गाणं एकदा अडखळायचं, आठवतं? तीन हजार माणसं पुढे निघून गेली, मी एकटा तिथे क्षणभर थांबलो.

ती कॅसेट तुझ्याकडेच आहे, 1984 पासून. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवी