झाइडलिट्सची कमाल दुसऱ्या हल्ल्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अठराव्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्याचा घोडदळ सेनानी फ्रीडरिख विल्हेल्म फॉन झाइडलिट्स याच्यावरचा लेख वाचला. मराठीत या माणसावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. पण निम्मा लेख पवनचक्कीच्या फिरत्या पात्यांमधून घोडा घालण्यात आणि हवेत मातीचा पाइप भिरकावण्यात खर्ची पडला आहे. पवनचक्कीचा किस्सा दंतकथेच्या खात्यावर मांडावा. पाइप उडवून त्याने हल्ल्याची खूण केलीही असेल, पण 1757 ची रॉसबाखची लढाई त्याने जिंकली ती घोडे आवरता येत होते म्हणून.

मुळात हे घोडदळ काय लायकीचं होतं ते आधी पाहावं. 10 एप्रिल 1741 रोजी मोलविट्सच्या लढाईत ऑस्ट्रियन स्वारांनी प्रशियाच्या घोडदळाची दाणादाण उडवली. लढाई सावरली ती पायदळाने, आणि खुद्द राजा फ्रेडरिक तोवर मैदान सोडून गेला होता. तिथून सुधारणा सुरू झाल्या. शत्रू चालून येईपर्यंत जागेवर उभा राहणारा अधिकारी बेअब्रू होऊन बडतर्फ होईल, असा हुकूम 1744 मध्ये निघाला. घोड्यावरून पिस्तूल झाडत बसायचं नाही, सरळ पात्याची तलवार घेऊन भिडायचं. हल्ल्याचं अंतरही वाढत गेलं: 1750 मध्ये 1200 पावलं आणि 1755 मध्ये 1800, त्यातली शेवटची 600 भरधाव.

ही पावलं वाचायला सोपी आहेत, प्रत्यक्षात ती जीव काढतात. आधी दुडकी, मग चौखूर, मग सैल लगाम, आणि हे सगळं शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. भरधाव सुटायची घाई केली की तगडे घोडे पुढे निघतात, अशक्त मागे पडतात आणि रांगेला भगदाडं पडतात. शत्रूचे स्वार त्याच भगदाडांतून आत घुसतात. म्हणजे रांगेचा वेग तिच्यातल्या सर्वांत मंद घोड्यावर बेतावा लागतो आणि तो मंद घोडा रोजच्या रपेटीनेच सुधारतो. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या ओलाऊच्या छावणीत झाइडलिट्सने आपल्या 8 क्रमांकाच्या क्युरासियर रेजिमेंटकडून हेच घोटून घेतलं. छातीवर लोखंडी पत्रा आणि पाठ मोकळी असे हे वजनदार स्वार उंचसखल रानात पळवायचे म्हणजे माणसं पडणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

आता रॉसबाख, 5 नोव्हेंबर 1757. फ्रेंच आणि जर्मन साम्राज्याचं मिळून सुमारे 41 हजारांचं सैन्य, फ्रेडरिककडे 22 हजार. प्रशियन माघार घेताहेत अशा समजुतीत शत्रू रांगा न मांडता, लांबलचक स्तंभांत, त्यांच्या डाव्या बगलेला वळसा घालत होता. झाइडलिट्स तेव्हा 36 वर्षांचा, जून महिन्यातच मेजर जनरल झालेला. राजाने त्याच्याहून ज्येष्ठ दोन सेनापतींना त्याच्या हाताखाली देऊन 38 स्क्वाड्रन (घोडदळाच्या तुकड्या), म्हणजे सुमारे चार हजार स्वार, त्याच्या हवाली केले. यानुस टेकडीच्या आडून ते शत्रूला समांतर पुढे सरकले. पहिल्या रांगेत 20 स्क्वाड्रन, दुसरीत 18. पहिली रांग भिडली, पण शत्रूकडचे ऑस्ट्रियन क्युरासियर हटेनात. तेव्हा त्याने राखून ठेवलेले 18 आत घातले आणि शत्रूचं घोडदळ मोडलं.

आपला लेख इथेच थांबतो. खरी कसोटी मात्र पुढेच होती. जिंकलेल्या घोडदळाचं सहसा काय होतं? घोड्यांना धाप लागलेली, स्क्वाड्रन एकमेकांत मिसळलेले, निम्मे स्वार पळणाऱ्यांच्या मागे, उरलेले सामानाच्या गाड्यांकडे. अर्ध्या तासाने बोलवावं तर गोळा करायला कोणी नसतं. झाइडलिट्सने पाठलाग थांबवून पुन्हा जमण्याचा कर्णा वाजवला आणि टागेवेर्बेनजवळच्या खोलगट जागेत पुन्हा रांगा लावल्या. दरम्यान टेकडीवरच्या 18 जड तोफा आणि राजपुत्र हाइनरिखचं पायदळ समोरचे स्तंभ भाजून काढत होतं. पायदळाच्या जेमतेम 7 बटालियनना गोळी झाडावी लागली. शत्रूचं पायदळ डळमळलं तसा खोलगटातून दुसरा हल्ला आला. दीड तासाच्या आत सगळं आटोपलं. प्रशियाचे साडेपाचशेच्या आसपास मेलेले आणि जखमी, शत्रूने सुमारे दहा हजार माणसं गमावली, त्यात कैदीच जास्त. झाइडलिट्सही जखमी झाला. बक्षिसात ब्लॅक ईगल हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान आणि लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला, मेजर जनरल होऊन पाच महिनेच झाले असताना.

25 ऑगस्ट 1758 च्या, रशियनांविरुद्धच्या झोर्नडोर्फच्या लढाईतही तोच स्वभाव दिसतो. राजाचे निरोपावर निरोप येऊनही त्याने वेळेआधी हल्ला केला नाही. लढाईनंतर माझं डोकं राजाच्या स्वाधीन आहे, तोवर ते त्याच्याच कामी येऊ द्या, असं त्याने कळवल्याचं सांगतात. शब्द खरे असोत वा नसोत, वेळ त्याने अचूक साधली. रशियन उजवी बाजू पाठलागाच्या भरात पुढे येऊन विस्कळीत झाली, तेव्हा तो दलदलीची घळ ओलांडून तिच्यावर तुटून पडला. पुढच्या वर्षी कुनेर्सडोर्फला हाताला जखम होऊन तो मैदानाबाहेर गेला आणि त्या दिवशी फ्रेडरिकचा आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव झाला. 1762 मध्ये फ्रायबेर्गला तो पुन्हा लढला, नंतर सायलेशियातल्या घोडदळाचा निरीक्षक झाला. 1773 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, ओलाऊलाच वारला.

जाता जाता एक दुरुस्ती. पूर्वी औषधांच्या दुकानात मिळणारी सीडलिट्झ पावडर या सेनापतीच्या नावाची नाही. ते नाव बोहेमियातल्या सेडलेत्स गावच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवरून आलं. निळ्या पुडीत खाण्याचा सोडा आणि रोशेल सॉल्ट, पांढऱ्या पुडीत टार्टारिक आम्ल. दोन्ही पाण्यात मिसळल्या की फसफसतं आणि पोट साफ होतं.

आपला,
लष्करी इतिहासाचा एक वाचक, पुणे