शंभर यार्डांचा विजेता, गोलात उभा

शेफील्ड,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. तालमीतली पोरं फुटबॉल खेळताना गोलात उभी राहायला तयार नाहीत, सगळ्यांना फॉरवर्डच खेळायचंय, हे वाचून हसू आलं. आपल्या पेठेत दुसरं काय होतं? ज्याला पळता येत नाही, त्याला ढकला गोलात! पोरांना आर्थर व्हार्टनबद्दल सांग. हा गोलकीपर त्या काळी इंग्लंडमधला सगळ्यांत वेगवान माणूस होता.

जन्म 1865 चा, आक्र्यातला, म्हणजे आजच्या घानातला. बाप ग्रेनेडाचा मेथडिस्ट पाद्री, आई तिथल्या फांटी राजघराण्याच्या नात्यातली. पोरगं धर्मप्रचारक व्हावं म्हणून इंग्लंडला पाठवलं, तर हा लागला मैदानाच्या नादी. 1886 च्या जुलैत लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर, राष्ट्रीय स्पर्धेत, शंभर यार्ड बरोबर दहा सेकंदांत! पुढच्या वर्षीही तोच जिंकला. क्रिकेट होतं, सायकल होती, आणि डार्लिंग्टनच्या गोलात उभा राहून फुटबॉलही.

एवढा पळणारा माणूस गोलात का, असं तू विचारशीलच. अरे, तेव्हा गोलकीपरचं काम वेगळंच होतं. 1912 पर्यंत स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घ्यायची मुभा होती. म्हणजे पुढे धावत येऊन चेंडू उचलणारा कीपर सोन्याच्या मोलाचा. आणि समोरचे फॉरवर्ड खांदा मारून त्याला चेंडूसकट गोलात लोटायचे, तेही नियमात बसत होतं! आज एवढासा धक्का लागला तरी आपले कीपर मैदानात लोळतात. व्हार्टन चेंडू मुठीने लांब हाणायचा. एकदा तर म्हणे आडव्या दांड्याला लोंबकळून त्याने चेंडू पायांत पकडला आणि अंगावर येणारे तिघे फॉरवर्ड सरळ जाळ्यात जाऊन पडले. एका प्रेक्षकाने ही आठवण खूप वर्षांनी वर्तमानपत्राला कळवली. थोडं तिखटमीठ असेलही, पण मला खरी वाटते. गोलात उभ्या राहणाऱ्याला असा वेडेपणा लागतोच, तुला वेगळं काय सांगू!

1886-87 मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडसारख्या बलाढ्य संघाने त्याला घेतलं. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ते वेस्ट ब्रॉमविचकडून हरले. गोलात माकडचेष्टा करतो म्हणून एका पत्रकाराने त्याला झोडपलं, आणि ते करताना त्याच्या कातडीच्या रंगाचाही विषय काढला. तोच खेळ गोऱ्याने केला असता तर लोकांनी कौतुकच केलं असतं, असं माझं मत. पुढे तो प्रेस्टन सोडून पैशासाठी धावण्याच्या शर्यतींत उतरला. 1888-89 मध्ये त्याच प्रेस्टनने एकही सामना न हरता लीगही जिंकली आणि कपही. हा तेव्हा तिथे नव्हता. थोडा थांबला असता तर, असं राहून राहून वाटतं.

1889 मध्ये रॉदरहॅम टाऊनने त्याला पगारी खेळाडू केलं. पगार घेऊन खेळणं इंग्लंडमध्ये कायदेशीर होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू अशी त्याची ओळख सांगतात ती इथून. ‘व्यावसायिक’ हा शब्द मात्र गाळू नकोस, कारण 1881 मध्येच अँड्र्यू वॉटसन हा कृष्णवर्णीय खेळाडू स्कॉटलंडचा कर्णधार होता.

1894 ला तो आमच्या शेफील्ड युनायटेडमध्ये आला, पण नशीब बघ. त्याच वर्षी तिथे बिल फोल्क हा धिप्पाड तरुण कीपर दाखल झाला. व्हार्टनची तिशी जवळ आलेली, मग बसला बाहेर. लीगमध्ये 1895 च्या फेब्रुवारीत संडरलंडविरुद्ध तेवढी संधी मिळाली. पुढे लहानसहान क्लब, आणि 1902 मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीकडून शेवट.

त्यानंतर त्याने डॉनकॅस्टरजवळच्या एडलिंग्टन गावातल्या कोळशाच्या खाणीत मजुरी केली. पेन्शन नाही, निधी नाही. 1930 मध्ये गेला तेव्हा गरिबांच्या कबरीत पुरला, वर नावाचा दगडही नव्हता. तो बसला 1997 मध्ये, वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या शेफील्डमधल्याच लोकांच्या खटपटीने. 2014 मध्ये सेंट जॉर्जेस पार्कला, जिथे इंग्लंडचा संघ सराव करतो, तिथे त्याचा पुतळा उभारला. हवेत झेपावून एका हाताने चेंडू अडवतोय असा.

त्या पुतळ्याचा फोटो सोबत ठेवलाय, तालमीत लाव. आणि त्या पोरांपैकी सगळ्यांत जोरात पळणाऱ्याला महिनाभर गोलात उभा करून बघ, फॉरवर्ड कितीही कुरकुरले तरी. काय होतं ते कळव. फोल्कचे किस्से तर याहून भन्नाट आहेत, ते पुढच्या पत्रात.

काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
सुध्या