बर्गनच्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता ऐकूनच घ्या.

आई-बाबांना नॉर्वे दाखवायचं ठरल्यावर आधी इथल्या एका नावाजलेल्या टूरवाल्यांकडे गेलो होतो. त्यांच्या प्लॅनमध्ये बर्गन अर्धा दिवस आणि ब्रिगनला (तिथली बंदरावरची जुन्या लाकडी घरांची रांग) फोटो स्टॉप, आईचे गुडघे दुखतात म्हटलं तर साहेब म्हणे, मग त्यांना बसमध्येच बसू द्या की! एवढे पैसे भरून बसची काच बघायची का तिने?

आणि तुम्ही? ओळख ना पाळख, मैत्रिणीच्या नणंदेकडून नंबर मिळाला एवढंच. तरी भर पावसात (बर्गनला वर्षातले दोनशेच्या वर दिवस तो असतोच म्हणा) घरातली रिकामी ट्रॉली बॅग घेऊन तुम्ही ट्रामच्या स्टॉपपासून आमच्या हॉटेलपर्यंत ओढत गेलात, का तर आईला जमेल का बघायला. व्हॉइस नोटमध्ये दगडांवरून चाकांचा खडखडाट येतोय आणि मध्येच तुम्ही, "थांब हं, इथे चाक अडकतंय, हा रस्ता नको, मागच्या गल्लीने या." मला रडूच फुटलं. नवरा विचारतोय काय झालं, आता काय सांगू त्याला, बॅगेचा आवाज ऐकून रडतेय?

बाकी प्लॅनही काय लावलात! डोंगर चढायला नको, फ्लोयबानेनने, म्हणजे डोंगरावर चढणाऱ्या केबल रेल्वेने, थेट ३२० मीटर वर. मिरडालहून फ्लोमची २० किलोमीटरची ट्रेन साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते, म्हणून त्याच दिवशी बोट न घेता खाली मुक्काम, नेरॉयफ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) दुसऱ्या दिवशी बोटीने निवांत. बाबा तर ब्रिगनवर फिदा आहेत. १७०२ च्या आगीनंतर ती लाकडी घरं जुन्याच आखणीवर पुन्हा बांधली, जर्मन व्यापारी तिथून वाळवलेला कॉड विकायचे, हे तुम्ही सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे सुके बोंबीलच की!" आमचं कोकणी रक्त, दुसरं काय सुचणार.

अशी माणसं भेटतात म्हणून म्हातारे आई-बाप घेऊन परमुलखात जायची हिंमत होते हो.

भाजणी आणि आमसुलं बाजूला काढून ठेवलीत. अजून काय आणू ते आजच कळवा, "काही नको" चालणार नाही.