पार्किंगचा प्रश्न

डेट्रॉइटजवळ,
१ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

आज एक नोव्हेंबर, बेळगावचा काळा दिन. तू सकाळी दंडाला काळी फीत बांधून संभाजी उद्यानापाशी सायकल घेऊन उभा असशील, नाहीतर गुडघ्याचं निमित्त सांगून घरी चहा पीत बसला असशील. दुसरीच शक्यता जास्त.

दिवाळीत तुझे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. मीटिंगमध्ये होतो असं कळवलं, ते खोटं होतं. बोललो असतो तर हे सगळं बाहेर पडलं असतं, आणि फोनवर तू नको तिथे हसतोस. तब्येत ठीक आहे. साखर आटोक्यात, वीणाचा खांदा बरा. बास.

तर झालं असं. आमच्या घरापासून मैलभरावर एक फर्निचरचं दुकान तीन वर्षांपासून बंद पडलंय. ते येमेनी आणि बांगलादेशी मंडळींनी विकत घेतलं आणि तिथे मशीद करायची म्हणून गावाच्या प्लॅनिंग कमिशनकडे अर्ज केला. परवानगी द्यायच्या आधी जाहीर सुनावणी असते. कुणीही जावं, एक कार्ड भरून द्यावं, नाव पुकारलं की माईकपाशी तीन मिनिटं बोलावं. समोर एक छोटा दिवा असतो. आधी हिरवा, मग पिवळा, लाल झाला की बसायचं. आपल्या महापालिकेत हा दिवा आणला तर निम्मे नगरसेवक राजीनामा देतील.

मी गेलो. कार्ड भरलं. आणि म्हणालो, "माझा कुठल्याही धर्माला विरोध नाही. प्रश्न फक्त पार्किंगचा आहे."

थांब, अजून हसू नकोस. मी खरोखर एका शुक्रवारी दुपारी ऑफिसातून लवकर निघून दुसऱ्या गावातल्या मशिदीबाहेर गाडी लावली आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या मोजल्या. वहीत. पाच-पाचच्या काड्या मारून. तो आकडा मी सुनावणीत वाचून दाखवला. दिवा पिवळा व्हायच्या आत माझं संपलंसुद्धा.

खाली येऊन बसलो तर मागून खांद्यावर हात पडला. आमच्या कोपऱ्यावरची पोलिश आजी. "छान बोललास," म्हणाली. आणि संज्या, मला बरं वाटलं. शाळेत कर्णिक सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवल्यावर वाटायचं ना, तसं. मग घरी येताना दुसऱ्या सिग्नलपाशी आठवलं की २०१२ साली आपल्या मंदिराच्या अर्जावर सुनावणी झाली तेव्हा हीच आजी याच माईकवर उभी राहिली होती. "माझा कुठल्याही धर्माला विरोध नाही. प्रश्न फक्त पार्किंगचा आहे." वाक्य तेच! तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून दात-ओठ खात होतो.

वीणा गाडीत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी मंदिराच्या गाड्या कुठवर लागल्या होत्या, मोजल्यास का?" त्यानंतर दोन दिवस आमच्यात फक्त भाजी काय करायची एवढंच संभाषण.

आता यातली गंमत बघ. सगळे पार्किंगवरच का बोलतात? २००० साली इथे एक केंद्रीय कायदा झाला. जमिनीच्या वापराचे नियम पुढे करून गावांनी प्रार्थनास्थळांची अडवणूक करू नये, यासाठी. त्यामुळे सुनावणीच्या आधीच गावाचा वकील सांगतो, धर्माबद्दल एक अक्षर बोलू नका. ट्रॅफिक, आवाज, उंची, दिवे, पार्किंग, एवढंच. म्हणजे पोटात काहीही असलं तरी ओठांवर पार्किंग. आधी मला हा शुद्ध दांभिकपणा वाटायचा. आता वाटतं, तोही काही कमी नाही. १९८६ ला आपल्याकडे कुणी पार्किंगचं निमित्त शोधत बसलं नव्हतं.

ती कानडी पाटी आठवते ना? बसूच्या अप्पांच्या गिरणीची? कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे दिवस, गावात नऊ माणसं गेलेली, रक्त गरम. डांबराचा डबा माझा, ब्रश तुझा. रात्री जाऊन पाटीवर एक अक्षर दिसू दिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू एकटाच फडकं घेऊन ती पुसायला गेलास. मी तुला फितूर म्हणालो, चार महिने बोललो नाही. अप्पा काय म्हणाले होते? "पाटी वाचायला कोण येतंय रे, पीठ दळायला येतात." दोन्ही वेळा चूक माझीच होती हे आज लिहून देतो. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. मीरा ॲन आर्बरला समाजशास्त्र शिकते (इंजिनिअरिंग सोडून, होय, तू म्हणाला होतास). तिने मला रॉबर्ट पटनम नावाच्या प्राध्यापकाचा २००७ चा निबंध पाठवला. त्याने सुमारे तीस हजार अमेरिकनांच्या मुलाखतींवरून मांडलं की ज्या वस्तीत निरनिराळ्या वंशांचे लोक राहतात तिथे माणसं एकमेकांशी भांडतात असं नाही, ती कासवासारखी आत जातात. परक्यावरचा विश्वास कमी होतोच, आपल्या माणसावरचाही होतो. त्याला स्वतःला हा निष्कर्ष आवडला नव्हता. पुढे पिढ्या बदलल्या की नवं 'आपण' तयार होतं, असंही त्याने लिहिलंय. मीराने खाली एक ओळ टाकली होती, "बाबा, तू कासव नाहीस. कासव गाड्या मोजत नाही."

इथून अर्ध्या तासावर हॅमट्रॅमिक नावाचं गाव आहे. जवळजवळ चारही बाजूंनी डेट्रॉइट, मधे हे दोन चौरस मैलांचं. पोलिश आजीचं माहेर. तिचे वडील तिथल्या डॉजच्या कारखान्यात होते, तो १९८० ला बंद पडला. १९२२ मध्ये त्या गावाला शहराचा दर्जा मिळाला, तेव्हापासून जवळपास शंभर वर्षं महापौर पोलिश वंशाचाच. मग येमेनी आले, बांगलादेशी आले. २००४ मध्ये लाऊडस्पीकरवरच्या अजानवरून रण पेटलं, शेवटी लोकांनी मतदान करून परवानगी दिली. २०२२ उजाडलं तेव्हा महापौर आणि सगळे नगरसेवक मुसलमान. उदारमतवाद्यांनी विविधतेचा विजय म्हणून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, त्याच कौन्सिलने समलिंगी लोकांचा इंद्रधनुषी झेंडा सरकारी जागेवर लावायला बंदी केली. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात हवेतच राहिले. त्यानंतरच्या वर्षी महापौरांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आणि आता त्यांना कुवेतला राजदूत नेमायचं घाटतंय.

आजी हे सगळं मला दारात उभी राहून सांगते, "मी आधीच सांगत होते" या सुरात. पण मला त्यात एक गोष्ट दिसते जी तिला दिसत नाही. येमेनी मुसलमान आणि सनातनी ख्रिस्ती एका बाजूला आले, त्यांना मदत करणारे दुसऱ्या बाजूला गेले. रेघा एकमेकींना छेदून गेल्या. अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्यांपैकी एक, जेम्स मॅडिसन, याने १७८७ मध्ये नेमकं हेच म्हटलंय की गट पडणं माणसाच्या स्वभावातच आहे, ते मोडता येत नाही. उपाय एकच, देश मोठा ठेवा आणि गट इतके असू देत की एकालाच कायमचं बहुमत बांधता येणार नाही. आज तू ज्याच्याशी भांडलास, उद्या त्याच्याच शेजारी बसायची वेळ यावी.

आपल्याकडे तेच नव्हतं. रेघ एकच. गिरणी, शाळा, क्रिकेटचा संघ, लग्नाची वरात, एसटीच्या पाट्या, सगळं त्या एका रेघेच्या या बाजूला नाहीतर त्या. आणि इथे आता तसंच होत चाललंय, मर्दा. कुठली गाडी चालवतोस, लस घेतलीस का, कुठलं चॅनल बघतोस, यावरून माणूस कुणाला मत देणार ते सांगता येतं. रंग, धर्म, भाषा शेकडो, पण गाळून शेवटी दोनच गठ्ठे. अमेरिकेचं बेळगाव होतंय, हे मी इथे कुणाला समजावून सांगू? ऑफिसात सांगितलं तर विचारतात, बेळगाव काय असतं? पुणेकरांना सांगितलं तर म्हणतात, कुंदा छान मिळतो ना तिथे?

श्री ठाणेदार २०२२ ला निवडून आले तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. आपल्या बेळगावात वाढलेला माणूस डेट्रॉइटचा खासदार! शेजारच्या क्युबिकलमधल्या कृष्णवर्णीय बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि शांतपणे म्हणाल्या, "१९५५ पासून या शहराचा एक तरी माणूस आमच्यातला असायचा. आता एकही नाही." प्राथमिक फेरीत कृष्णवर्णीय उमेदवार बरेच होते, मतं फुटली. नियमाप्रमाणेच सगळं झालं, कुणी काही चोरलं नाही. तरी त्या बाईंचा चेहरा मी ओळखला. २०२१ ला महापालिकेत महाराष्ट्र एकीकरण समितीची वाताहत झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुझा तोच चेहरा होता. तेव्हा मी तुला "लोकशाही आहे, चालायचंच" असं म्हणालो होतो. त्या बाईंना तेवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. उरलेले पेढे घरी आणले.

तरी माझी आशा कुठे अडकून आहे सांगू? २०२० च्या निवडणुकीनंतर डेट्रॉइटच्या मोजणीच्या हॉलबाहेर लोक काचा बडवत होते, "मोजणी थांबवा." बायडेन मिशिगन राज्यात दीड लाखाहून अधिक मतांनी पुढे होते. राज्याच्या मंडळाने निकालावर सही करायची, त्यात दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. तीन मतं लागतात. एक रिपब्लिकन तटस्थ राहिला. दुसऱ्याने, व्हॅन लांगेवेल्ड नावाच्या तरुण वकिलाने, कायदा मला फक्त सही करायला सांगतो, असं म्हणून सही केली. भाषण नाही, हुतात्म्याचा आव नाही, तलाठ्याने उतारा द्यावा तशी सही. पक्षाने त्या मंडळासाठी त्याचं नाव पुन्हा सुचवलं नाही. पुढे २०२२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्याच्या घटनेतच लिहून टाकलं की हे काम कारकुनी आहे, तिथे मर्जी चालणार नाही.

आणि भीतीही तिथेच आहे. कारण असा एक माणूस दर वेळी असेलच असं थोडंच आहे? या जानेवारीत आदेश निघाला की आईबाप इथे तात्पुरत्या व्हिसावर असतील तर इथे जन्मलेलं मूल नागरिक नाही. कोर्टांनी तो अडवून धरलाय, पुढे काय होतं बघायचं. मागच्या तारखेने तो लागू नाही. पण मीरा २००४ मध्ये जन्मली तेव्हा आम्ही दोघं व्हिसावरच होतो. तिचा फोन आला, "बाबा, म्हणजे मी चुकून अमेरिकन आहे का?" हसत विचारलं होतं, पण विचारलं. आणि त्याच वर्षात तिचा बाप वही घेऊन मशिदीबाहेर बसतो. बोल.

तुझं काय चाललंय? रोहनचं लग्न डिसेंबरातच ना? हॉल मिळाला का? आईंच्या मोतीबिंदूचं कळव. गोव्याच्या जमिनीच्या भानगडीत भावाशी कोर्टात जाऊ नकोस, जे काय असेल ते बसून मिटव. मी पैसे पाठवायचे राहिलेत ते या आठवड्यात.

सुनावणी अजून संपलेली नाही, अर्ज पुढच्या बैठकीला ठेवलाय. वीणाने नवं कोरं कार्ड आणून फ्रिजवर चुंबकाने लावलंय. नाव, पत्ता, आणि खाली दोन चौकोन: बाजूने, विरोधात. रोज दूध काढताना दिसतं. काल आजी हॅलोविनची उरलेली चॉकलेटं द्यायला आली, तिने ते कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "यावेळी आपण दोघं शेजारी बसू." मी चहा टाकतो म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

आज रात्री इथे घड्याळ एक तास मागे जाईल. तुझ्या-माझ्यात साडेनऊचे साडेदहा तास होतील. उद्या तुझ्या संध्याकाळी फोन करतो. उचल.

तुझा,
पक्या

ता. क. ती पाटी तू रॉकेलने पुसली होतीस असं दर वेळी सांगतोस, मला टर्पेंटाइनचा वास आठवतो. बसूला विचार. त्याचा नंबरही पाठव.