‘सायकल घेऊन या’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

कंबरदुखी घेऊन उपचाराला तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी खुर्चीत बसायलाच तयार नव्हतो. बसलो तर उठता येणार नाही, ही भीती. आदल्या रविवारी मुलुंडहून घोडबंदरला जाऊन आलो होतो. परतताना कंबर कुरकुरत होती, पण ते नेहमीचंच. घरी येऊन अंघोळीची बादली उचलायला वाकलो आणि उसण भरली. पुढचे दोन दिवस पाय ओढत फिरलो. आईने निर्गुडीचं तेल चोळलं, बायकोने शेक दिला. एका डॉक्टरांनी एमआरआय बघून ‘मणक्यातली गादी सरकलीय, सायकल विकून टाका’ असं सांगितलं. वय ४४. त्या रात्री खरंच सायकलचे फोटो काढून ठेवले होते, विकायला.

तुम्ही रिपोर्ट उघडण्याआधी तीन प्रश्न विचारलेत. पायात ताकद कमी झालीय का? मांड्यांच्या मधे, सीटवर टेकतो त्या जागी बधिरपणा? लघवीवर ताबा आहे ना? मला लाज वाटली. यातलं काही असतं तर तडक हॉस्पिटल गाठायचं असतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. मग म्हणालात, चाळिशीतल्या, काही न दुखणाऱ्या साधारण निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी थोडी फुगलेली दिसते. तेवढ्या एका वाक्याने त्या रात्री झोप लागली.

आणि मग, ‘उद्या सायकल घेऊन या.’

तुमच्या सोसायटीच्या आवारात मी फेऱ्या मारतोय आणि तुम्ही मागून मोबाइलवर शूट करताय, हे बघून वॉचमनची मस्त करमणूक झाली. पण व्हिडिओ पाहिला आणि माझं हसू मावळलं. प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे झोके घेत होती. सीट उंच. ग्रुपमधल्या पोरांच्या सीटा बघून मीच चढवली होती ती, दिसायला बरी म्हणून! भिंतीला हात टेकवून तुम्ही पायडल उलटं फिरवायला लावलंत. टाच पायडलवर, पायडल अगदी खाली, आणि तिथे गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. माझी टाच पोचतच नव्हती. सीट १५ मिलीमीटर खाली आली. फ्रेम सेकंडहँड, माझ्या मापापेक्षा मोठी, म्हणून हँडल गाठायला मी पाठीची कमान करत होतो. ११० मिलीमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा दांडा, काढून ८० चा बसवला. सायकलवाल्याने सगळ्याचे मिळून जेवढे घेतले, तेवढ्यात माझे तेल-मलमसुद्धा आले नव्हते.

तुम्ही सांगितलेली पहाटेची गोष्ट मात्र मला आजही सगळ्यात पटते. ट्रॅफिक नको म्हणून आपण मुंबईचे सायकलवाले साडेचारला उठतो आणि पाचला हँडलवर वाकलेले असतो. रात्रभर आडवं पडून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्या उठल्या वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आता मी अर्धा तास आधी उठतो, उभ्यानेच चहा पितो, जिने उतरून खाली जातो. पहिले पाच किलोमीटर हलका गिअर. पेडर रोडचा चढही आता हलक्या गिअरवर, पाय भराभर फिरवत. जड गिअर रेटत ‘मर्दानी’ चढायची हौस फिटली. टायर २५ मिलीमीटर रुंदीचे काढून २८ चे घातले, हवा थोडी कमी. पेव्हर ब्लॉक तेच आहेत, हादरे तेवढे कमी झाले.

तुमचं दुसरं एक वाक्य मला लागलं होतं: ‘सायकल तुम्ही दिवसाला दोन तास चालवता, खुर्ची दहा तास.’ फोर्टच्या ऑफिसात आता दर अर्ध्या तासाने उठतो. साहेबांना वाटतं, हा सारखा चहाला जातो.

व्यायामाचं खरं सांगतो, रोज होत नाही. आठवड्यातून पाच दिवस. गुडघे-हात टेकून उजवा हात आणि डावा पाय उचलायचा, दहा सेकंद. लेक पाठीवर पाण्याची वाटी ठेवते. सांडली की ओरडते, ‘बाबा, कंबर हलली!’ पहिल्या महिन्यात आमची चटई वाळतच नव्हती.

गेल्या महिन्यात मुलुंड ते गेटवे आणि परत, एका दमात करून आलो. दुसऱ्या दिवशी कंबर जड होती, दुखली नाही. तुमचे मनापासून आभार. सायकल तपासायच्या दिवसाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते मी विसरलेलो नाही.

आपला,
मुलुंडचा सायकलवाला

ता. क. – निर्गुडीच्या तेलाबद्दल विचारलं तेव्हा ‘लावू द्या, बरं वाटतं ना?’ असं तुम्ही म्हणालात, ते आईला सांगितलं. तेव्हापासून तिच्या लेखी मुंबईत डॉक्टर एकच.