ग्रिंचला काढलं, पण राग गेला नाही

लॉस एंजेलिस
६ नोव्हेंबर २०२३

प्रिय पश्या,

ग्रिंचला काढलं, आपल्या यूएससीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या डिफेन्स कोचला. काल तुला नुसता एका ओळीचा मेसेज टाकला, आज नीट लिहितोय, कारण फोनवर बोलायला गेलो तर माझा आवाज चढेल आणि तुझ्याकडे सगळे झोपेतून उठतील, आणि इथे ऑफिसात कोणाशी बोलावं तर अर्धे यूसीएलएवाले, म्हणजे गावातल्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीचे, त्यांच्यासमोर या विषयावर तोंड उघडायची माझी इच्छा नाही. आणि खरं सांगू, तुझ्याइतकं हे कोणाला कळणारही नाही. असाइनमेंट बाजूला टाकून आपण दोघांनी शनिवारचे शनिवार कोलिझियममध्ये, आपल्या टीमच्या मैदानावर घालवलेत, त्या टीमबद्दल मला कसं वाटतं हे तुला वेगळं सांगायला नको.

तू म्हणशील, झालं ना आता मनासारखं, दोन वर्षं हेच मागत होतास. नाही रे झालं. कॉल करणारा, म्हणजे कोणी कुठे जायचं ते ठरवणारा गेला, पण ते कॉल दोन वर्षं चालवून घेणारा हेड कोच तिथेच आहे, आणि सगळा मार खाल्ला तो वीस वर्षांच्या पोरांनी. मला जे बोलायचंय ते या पोरांबद्दल आहे.

आधी शनिवारचं, वॉशिंग्टनच्या मॅचचं सांगतो. तू पहाटे पाचला उठून बघितलीस म्हणालास, पण टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे जातो ना, स्टँडमधून आख्खा डिफेन्स दिसतो आणि त्याचा जास्त त्रास होतो, बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच दिसतं की अमुक बाजूला आपला माणूस कमी आहे, आणि तुम्ही वरून ओरडून काही उपयोग नसतो. सगळा आठवडा लोक मायकल पेनिक्सला, वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकला म्हणजे पास टाकणाऱ्याला, घाबरून होते, की हा डावखुरा पास मारून मारून आपल्याला संपवणार. वॉशिंग्टनने काय केलं? बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या, डिलन जॉन्सनच्या हातात दिला. परत दिला. परत दिला. २५६ यार्ड आणि ४ टचडाउन, एकट्या रनिंग बॅकने, आपल्या घरच्या मैदानावर! आपण ४२ पॉइंट केले आणि तरी ५२-४२ हरलो. चौथ्या क्वार्टरला नेहमीसारखी वर ती ऑलिंपिकची ज्योत पेटवली, लोक उभे राहिले, डिफेन्सला ओरडून ओरडून बळ देत होते, आणि खाली जॉन्सन परत सात यार्ड, परत नऊ यार्ड.

तुझ्या भावाने मला विचारलं होतं की दादा नक्की चुकतंय काय, पोरं तर सगळी धडधाकट दिसतात. त्याला हे वाचून दाखव. आपली पुढची लाइन स्नॅपबरोबर सरळ समोरच्याच्या अंगावर न जाता तिरकी पळते, एका गॅपमधून शेजारच्या गॅपमध्ये. कॉल बरोबर बाजूचा लागला तर रनिंग बॅक मागच्या मागे सापडतो, दोन यार्ड लॉस, सगळं स्टेडियम टाळ्या वाजवतं. चुकीच्या बाजूचा लागला तर आपला माणूस स्वतःच्या पायांनी त्या जागेतून निघून गेलेला असतो, समोरच्याने त्याला फक्त तो चाललाय त्याच दिशेला अजून थोडं ढकलायचं, झाला मधला रस्ता मोकळा. मागे दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर उभा, त्याने कुठला गॅप भरायचा हे पुढचा कुठे गेला यावर अवलंबून, म्हणून तो क्षणभर थांबतो, आणि जॉन्सनला तेवढंच हवं असतं. मग राहतो कोण तर सेफ्टी, सगळ्यात मागचा खेळाडू, एकटा, मोकळ्या मैदानात, समोरून पूर्ण वेगात आलेल्या माणसाला धरायचं. त्याच्या हातातून निसटला की गेला तो. आणि मग रिप्लेमध्ये दहा वेळा कोण दाखवतात? तो सेफ्टी. लाइनला कुठल्या बाजूला पाठवलं होतं हे कोणी दाखवत नाही.

माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस सबंध दुसरा हाफ पोरांना नावं घेऊन घेऊन शिव्या देत होता. मला शेवटी वळून सांगावं लागलं त्याला की बाबा रे, तो पोरगा त्याला सांगितलंय तिथेच गेला.

हे तिरकं पळणं, सतत हालचाल, मागून अचानक ब्लिट्झ म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणं, हे सगळं कशासाठी तर टर्नओव्हरसाठी, समोरच्याकडून बॉल हिसकावण्यासाठी. ग्रिंचचं गणित पहिल्यापासून हेच, वॉशिंग्टन स्टेटला (ती वेगळी टीम) होता तेव्हापासून, सीझनला २४ टर्नओव्हर, म्हणजे मॅचला दोन. तिथे चाललं ते, मी नाकारत नाही, बारीक चणीच्या पण चपळ पोरांना घेऊन त्याने तिथला डिफेन्स खरोखर सुधारला होता. आणि गेल्या वर्षी आपल्याकडेही टर्नओव्हर पडले, देशात अगदी वरच्या टीम्समध्ये होतो आपण. तुझ्या भावाला क्रिकेटमधलं सांगायचं तर कॅप्टनने प्रत्येक बॉलला विकेटच पाहिजे म्हणून आठ जण बॅटच्या भोवती लावायचे आणि बाउंड्रीवर कोणीच नाही. विकेट पडली तर वा वा, नाही पडली तर चौकार. ज्या दिवशी बॉल आपल्या हातात उडत नाही त्या दिवशी करायचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे दोन वर्षांत कधी दिसलं नाही. शनिवारी रात्री घरी येऊन झोप लागेना म्हणून दीड वाजता इंडिया-साउथ आफ्रिका लावली, कोहलीची ४९वी सेंच्युरी बघितली आणि मग त्यांना ८३ ला गुंडाळलं, जडेजाने ५ काढल्या. त्यात जादू काही नव्हती, एका जागी बॉल टाकत होता आणि फिल्ड त्या जागेसाठी लावलेली. प्रत्येकाला आपलं काम माहीत. मला बघता बघता भरून आलं, कारण आपल्या पोरांना हे इतकं साधं कोणी दिलंच नाही.

आणि हे आज कळलं असं थोडीच आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सॉल्ट लेक सिटीला यूटाने ४३-४२ हरवलं, त्यांच्या डाल्टन किंकेडने १६ कॅच घेतले, २३४ यार्ड. पहिले चार-पाच झाले तेव्हाच कळायला हवं होतं ना की बॉल याच्याकडेच येणार आहे, दोन माणसं लावा, लाइनवरच अडवा, काहीतरी करा. शेवटपर्यंत तो झोनच्या मधोमध मोकळा. मग लास वेगासला पॅक-१२ ची, आपल्या लीगची फायनल, परत यूटाशीच, आपण १७-३ पुढे, आपला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सच्या मांडीचा स्नायू गेला आणि ४७-२४ हरलो. आणि मग टुलेन. सीझननंतरची कॉटन बोल मॅच, साडेचार मिनिटं बाकी, ४५-३० आपण पुढे. पश्या, तू त्या दिवशी फोन ठेवून दिला होतास, बोलवत नव्हतं तुला. किकऑफचा बॉल हातातून सुटून त्यांना दोन पॉइंट गेले ही डिफेन्सची चूक नाही, मान्य, पण त्याच्या आधी आणि नंतर काय झालं? त्यांच्या टायजे स्पिअर्सने २०५ यार्ड पळून ४ टचडाउन केले, आणि शेवटी ९ सेकंद उरलेले असताना टचडाउन देऊन ४६-४५. आता हे आकडे शेजारी ठेव. जानेवारीत २०५ यार्ड आणि ४ टचडाउन, नोव्हेंबरात २५६ यार्ड आणि ४ टचडाउन. मध्ये दहा महिने गेले, स्प्रिंग प्रॅक्टिस झाली, जॉर्जियाहून बेअर अलेक्झांडर आणला, ओक्लाहोमा स्टेटहून मेसन कॉब आणला, आणि भोक तिथल्या तिथे.

म्हणून मी म्हणतो की निर्णय काल नव्हता घ्यायचा, जानेवारीत घ्यायचा होता, आणि तो हेड कोच लिंकन रायलीने घ्यायचा होता. त्याला काय माहीत नव्हतं का? ओक्लाहोमात हेड कोच असताना २०१८ ला टेक्सासकडून ४८-४५ हरल्यावर त्याने डिफेन्स कोच माइक स्टूप्सला असंच सीझनच्या मध्यात काढलं होतं, त्याच्या जागी पुढच्या वर्षी ग्रिंचला आणलं. ग्रिंचने तिथे थोडी सुधारणा केली हेही खरं, पण पहिल्याच वर्षी पीच बोलमध्ये एलएसयूने ६३-२८ झोडपलं, त्यांच्या जो बरोने पहिल्या हाफमध्येच ७ टचडाउन पास टाकले होते. एवढं बघून त्याच माणसाला बरोबर घेऊन इथे आला. पाच वर्षांत दुसऱ्यांदा सीझनच्या मध्यात डिफेन्सचा कोच काढायची वेळ येते तेव्हा प्रश्न हेड कोचला विचारायला पाहिजे, की बाबा तुझ्या प्रॅक्टिसमध्ये डिफेन्सला किती जागा आहे, तुझे चांगले तास कुठे जातात. रायलीचं ऑफेन्सचं डोकं अफाट आहे, मी त्याचा मोठा फॅन आहे, आजही आहे, पण आमच्याकडे ५० पॉइंट करणारी टीम आहे म्हणून समोरच्याने ४९ केले तरी चालतील असं कॉलेज फुटबॉल चालत नाही. कॅलशी ५०-४९ जिंकलो त्या दिवशी तू खूश होतास, मला नाही होता आलं. त्यांची टचडाउननंतरची टू-पॉइंटची ट्राय फसली म्हणून वाचलो, नाहीतर तेव्हाच हरलो होतो.

या सीझनचे आकडे बघ ना, कोलोरॅडोला हाफटाइमला ३४-१४ पुढे होतो, शेवटी ४८-४१, आणि त्यांच्या ओमारियन मिलर नावाच्या फ्रेशमनने, पहिल्या वर्षाच्या पोराने, १९६ यार्डचे कॅच घेतले. ॲरिझोनाशी तीन ओव्हरटाइममध्ये ४३-४१. नोटर डेमच्या ४८ साठी मी डिफेन्सला फार दोष देत नाही, त्या दिवशी केलेबनेच ३ इंटरसेप्शन दिले, म्हणजे पास समोरच्याच्या हातात. पण यूटा! त्यांनी त्यांच्याच सेफ्टीला, सिओनी वाकीला, रनिंग बॅक म्हणून उभा केला आणि त्याने पास झेलून झेलून १४९ यार्ड काढले, आपले लाइनबॅकर त्याच्या मागे धावताहेत, त्यांच्यावर ते कामच चुकीचं टाकलेलं. आणि शेवटच्या मिनिटात आपण ३२-३१ पुढे असताना त्यांचा क्वार्टरबॅक स्वतः बॉल घेऊन २६ यार्ड पळाला आणि फील्ड गोल मारून ३४-३२. आपला लाइनबॅकर एरिक जेंट्री, सहा फूट सहा इंच, एवढे लांब हात, मधल्या पासच्या वाटेत नुसता उभा राहिला तरी क्वार्टरबॅकला अडचण, तो कित्येकदा बेंचवर. का, हे मला अजूनही समजलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट केलेबचं वाटतं. शनिवारी मॅच संपल्यावर तो स्टँडपाशी चढून आईच्या कुशीत रडला, तू बघितलंच असशील, सगळीकडे तो व्हिडिओ फिरतोय, आणि काही लोक त्यावर पण त्याला बोलताहेत की एवढा मोठा क्वार्टरबॅक आणि रडतो काय. रडणार नाही तर काय करणार? गेल्या वर्षी हाइझमन, देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळवलेला पोरगा, दोनदा ती ट्रॉफी आजपर्यंत फक्त ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनला मिळालीय, या वर्षी याला संधी होती, नॅशनल चॅम्पियनशिपची संधी होती, आणि आता ७-३. पुढच्या वर्षी तो एनएफएलमध्ये, प्रोफेशनल लीगमध्ये असणार. असा क्वार्टरबॅक परत कधी मिळेल सांगता येत नाही, आणि त्याची दोन वर्षं आपण अशी घालवली. याचा मला खरंच राग आहे, आणि एका माणसाला काढल्याने तो जाणार नाही.

आणि ही टीम कोणाची? रॉनी लॉटची, ज्युनियर साउची, ट्रॉय पोलामालूची. २००८ चा डिफेन्स तर, रे माउआलुगा, ब्रायन कुशिंग, क्ले मॅथ्यूज, मॅचला सरासरी ९ पॉइंट दिले होते त्यांनी. ९! आज आपण एका क्वार्टरमध्ये तेवढे देतो. तेव्हाच्या मॅच काढून बघ, पुढची लाइन जागा धरून उभी, मागचे जोरात येऊन धडकतात, पाच-सहाच कॉल पण प्रत्येकाच्या अंगात भिनलेले.

आता शनिवारी युजीनला ऑरेगॉन, तुझ्याकडे रविवारी सकाळी, म्हणजे नेमकी नरकचतुर्दशी, अभ्यंगस्नान लवकर उरकून बस. आपले असिस्टंट कोच शॉन नुआ आणि ब्रायन ओडम मिळून डिफेन्स बघणार आहेत. एका आठवड्यात नवीन काही उभं राहणार नाही, मी तशी अपेक्षाही ठेवत नाही, मला तीनच गोष्टी बघायच्यात, लाइन सरळ खेळते का, जेंट्रीला मैदानावर ठेवतात का, आणि कॉर्नर, म्हणजे कडेचे पास अडवणारे, आठ-आठ यार्ड मागे उभे राहायचं सोडून जवळ येतात का, कारण त्यांचा क्वार्टरबॅक बो निक्स बॉल फार लवकर सोडतो, त्याला एवढी जागा दिली तर तो छोट्या छोट्या पासने कापत नेईल. त्याच्या पुढच्या शनिवारी यूसीएलए, त्यांचा डिफेन्स बघतोयस ना या वर्षी? डी'अँटन लिन नावाचा कोच आहे, एनएफएलच्या रेव्हन्समधून आला आणि पहिल्याच सीझनमध्ये कुठल्या कुठे नेलाय त्याने. मला विचारशील तर रायलीने गावातल्या गावात तोच उचलावा, ऑफिसातले किती का चिडेनात. तुझ्या मनात कोण आहे ते लिही, आणि नुसतं नाव नको, का ते पण लिही.

काकूंना नमस्कार सांग, चकल्या पोचल्या हे पण सांग. रविवारी मॅच चालू असताना फोन करू नको, संपल्यावर कर.

तुझा,
सच्या