धुऱ्यावरच्या त्या गोट्याची नोंद कोण घेणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातून काटोल मार्गाने बाहेर पडलं की जुनापाणीच्या माळावर काळ्या गोट्यांची वर्तुळं दिसतात. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या माणसांची ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. १९६१-६२ मध्ये इथे बा. के. थापर यांनी उत्खनन केलं. जवळच्याच माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांना घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. पेंचकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. एवढं सगळं आपल्या दाराशी असून आपण सहल काढतो ती अजिंठ्याला! असो.

परवा माहुरझरीकडच्या एका वावरात गेलो होतो. पूर्वी तिथे एक अख्खं वर्तुळ पाहिलेलं. आता मधला मुरूम उपसलेला आणि गोटे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेले. एका गोट्यावर दोन ओळींत वाटीसारखे कोरलेले खळगे होते, बोटाचं पेर जेमतेम बुडेल इतके. त्याच खळग्यांवरून पांढऱ्या ऑइलपेंटने प्लॉटचा नंबर टाकलेला. वावरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "नांगराले लागते भाऊ, म्हनून बाजूले काढले. कोनी सांगतलंच नाही." त्याच्यावर मी तरी कोणत्या तोंडाने रागवू?

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. पण वर्तुळं काही हद्द पाहून मांडलेली नाहीत. खासगी वावरांतली कितीतरी कोणाच्याच कागदावर नाहीत. ले-आउटसाठी मोजणी होते तेव्हा नकाशावर विहीर येते, नाला येतो, विजेचा खांब येतो. वर्तुळ येत नाही.

म्हणून मागणी एवढीच, की पुरातत्त्व आणि महसूल खात्यांनी मिळून गावोगावची वर्तुळं गाव नकाशावर आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवावीत आणि जमीन अकृषक करण्याआधी तो रकाना बघावा. जमीन जाईल या धास्तीने शेतकरी रातोरात गोटे हलवतील, हे धरूनच चालावं. त्यामुळे तेवढ्या तुकड्याचा मोबदला आधी ठरवून मगच मोजणीला जावं. उलट क्रमाने गेलात तर मोजायला काही उरणार नाही.

त्या वावरात पलीकडच्या अंगाला अजून दोन वर्तुळं शाबूत आहेत. तिथल्या खुंट्या मात्र ठोकून झाल्या आहेत.

आपला,
एक वाचक, नागपूर